भुकेचा आकडा मांडणारा सातारकर



सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वीचा रमजान. आमचा बारा-पंधरा मराठी मंडळींचा एक गट परवानाधारक संस्थेमार्फत कामगारांच्या एका वसाहतीत इफ्तारची पाकिटं पोचवायचा. हिशेबाचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मी आयटीतला, त्यात एमबीए, म्हणजे एक्सेलची शीट उघडणं हा हातचा मळ. वसाहतीत आठ ब्लॉक, माणसं ९६०. आठनं भागलं की ब्लॉकमागे १२०. मी १२०-१२० पाकिटांचे आठ ढीग करायला सांगितले. एकूण पाकिटं ९६०, एकूण माणसं ९६०. हिशेब चोख.

संध्याकाळी एका ब्लॉकात चाळीस-पंचेचाळीस पाकिटं उरली आणि दुसऱ्या ब्लॉकात पन्नास माणसं रिकाम्या हातानं खोलीत परत गेली. एका ब्लॉकात दाटीवाटीनं माणसं भरली होती, दुसऱ्यातल्या खोल्या निम्म्या रिकाम्या होत्या. उरलेली पाकिटं फिरवेपर्यंत मगरिबची अजान होऊन गेली होती. परत गेलेल्यांत बीडकडचे एक काका होते. रोजे धरणारे नव्हते, पण दिवसभर कामावरून आलेले. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, हिशेब बरोबर असंल तुमचा. पर आमी त्यात नव्हतो."

ते वाक्य डोक्यातून जाईना. आणि मग एकदा वाचता वाचता कळलं, की नेमक्या याच वाक्यापाशी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका माणसानं सगळं आयुष्य घालवलं. फरक एवढाच, की त्यांच्यासमोर आठ ब्लॉक नव्हते, सगळं जग होतं.

त्यांचं नाव डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

(संगीत)

माझं आजोळ पुसेगावच्या बाजूचं, म्हणजे खटाव तालुका. सेवागिरी महाराजांची यात्रा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्याच तालुक्यात बुध नावाचं गाव आहे. २७ जुलै १९११ रोजी सुखात्म्यांचा जन्म तिथला. हा सगळा दुष्काळी टापू. माझी आजी १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगायची. रेशनवर परदेशातून आलेला लालसर मिलो मिळायचा, भाकरी थापली की तव्यावर टाकेपर्यंत तुटायची. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, ती पदराला बांधून घरी पोरांसाठी आणायची. म्हणजे बाहेरून येणारी मदत काय असते हे आमच्या घरानं घेणाऱ्याच्या बाजूनं पाहिलंय. आज आपण जिथं राहतो तो देश देणाऱ्यांच्या बाजूला आहे. दोन्ही टोकांच्या मधे एक आकडा असतो. किती माणसं उपाशी आहेत, हा तो आकडा.

सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ साली गणित घेऊन पदवीधर झाले. तिथून लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. त्या काळी संख्याशास्त्राची ती पंढरीच होती. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन, जर्झी नेमन ही सगळी मंडळी तिथं. १९३६ साली त्यांना पीएचडी मिळाली, १९३९ साली डीएससी. विषय शुद्ध गणिताकडे झुकणारा. तिथंच प्राध्यापकी धरून राहिले असते तरी नाव झालंच असतं. पण ते भारतात परतले आणि १९४० पासून पुढची ११ वर्षं दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचं काम पाहिलं. समोरचा प्रश्न साधा वाटतो तसा: देशात गहू किती पिकला, भात किती पिकला?

आता हे मोजायचं कसं? सगळी शेतं कापून तोलता येत नाहीत. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही गावं, त्यातली काही शेतं निवडायची. शेतात दोरी लावून एक तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. गावाकडे ज्यांची शेती आहे त्यांना हे सांगायला नको. 'पीक कापणी प्रयोग' म्हणतात तो हाच. आज पीकविम्याची भरपाई मिळणार की नाही, हे बऱ्याच ठिकाणी याच प्रयोगातून निघालेल्या उत्पन्नावर ठरतं.

पण तुकडा केवढा घ्यायचा? कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस तेव्हा भारतीय संख्याशास्त्राचे सर्वांत मोठे नाव. त्यांची पद्धत छोट्या तुकड्यांची. कमी वेळात, कमी खर्चात जास्त शेतं बघून होतात. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवलं की तुकडा फार छोटा असला तर उत्पन्न हटकून जास्त दिसतं. का? कारण तुकडा जितका छोटा, तितका त्याच्या मानानं त्याचा काठ मोठा. काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. एकेका रोपानं काय होतंय असं वाटतं, पण तोच हात हजारो शेतांत चालला की देशात नसलेलं धान्य कागदावर तयार होतं. १९४६-४७ च्या सुमारास त्यांनी हे 'नेचर'सारख्या नियतकालिकात मांडलं.

मंडळी, इथं एक गोष्ट मनात धरून ठेवा. रेषा कुठं ओढली यावर आकडा ठरतो. शेतातल्या दोरीचा धडा पुढे सुखात्म्यांना आयुष्यभर पुरला, आणि एका वळणावर त्यांच्यावरच उलटला.

(छोटी विश्रांती)

परत स्वागत. १९५१ साल. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, म्हणजे एफएओ, वॉशिंग्टनहून रोमला हलली, आणि त्याच साली सुखात्मे तिथं रुजू झाले. १९७० पर्यंत त्यांनी तिथल्या सांख्यिकी विभागाचं काम सांभाळलं. खटाव तालुक्यातल्या गावचा मुलगा जगाच्या अन्नाच्या हिशेबाचा प्रमुख झाला.

त्या काळी मोठमोठ्या व्यासपीठांवरून एक आकडा फिरत होता. जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी आहेत. तो मांडणारे साधेसुधे गृहस्थ नव्हते. एफएओचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनी तो मांडला होता, आणि त्यांना १९४९ चं शांततेचं नोबेल मिळालेलं होतं. हेतू उत्तमच होता. पण आकड्यामागचा हिशेब माझ्या पाकिटांसारखा होता. अमुक देशात माणशी सरासरी किती अन्न आहे ते बघायचं. सरासरी ठरावीक कॅलरींच्या खाली असली की तो सगळा देशच उपाशी धरायचा. वर असली की सगळा देश जेवलेला. ज्या देशाची सरासरी खाली, तिथले जमीनदारही उपाशी. ज्याची वर, तिथला शेतमजूरही तृप्त.

सुखात्म्यांनी १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचला आणि हा हिशेब नव्यानं मांडला. तो समजायला गणित लागत नाही, आपली एखादी बिल्डिंगची मेस डोळ्यांसमोर आणली तरी पुरे. तीन गोष्टी लागतात.

पहिली, एकूण अन्न. देशात पिकलेलं अधिक बाहेरून आणलेलं, वजा बाहेर पाठवलेलं, वजा बियाणं, गुरांचा चारा, नासाडी. उरलं त्याला लोकसंख्येनं भागायचं. झाली सरासरी.

दुसरी, वाटप. ती सरासरी कुणाच्या ताटात किती पडते? यासाठी घरोघरच्या खर्चाच्या पाहण्या लागतात. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या ताटात किती अंतर आहे हे त्यातून कळतं. मी नेमकी हीच पायरी गाळली होती.

तिसरी, रेषा. किती कॅलरींच्या खाली माणूस उपाशी म्हणायचा? सुखात्म्यांचं खरं कसब इथं आहे, म्हणून जरा हळू जाऊ.

समजा एका वसाहतीत शंभर माणसं आहेत आणि सगळे अगदी गरजेपुरतं, पोटभर जेवलेत. पण प्रत्येकाची गरज वेगळी. उंच, धिप्पाड माणसाला जास्त लागतं. बारीक चणीच्या, टेबलावर बसून काम करणाऱ्याला कमी. या शंभर जणांच्या गरजेची सरासरी समजा २४०० कॅलरी निघाली. आता तुम्ही म्हणालात, २४०० च्या खाली जेवतो तो उपाशी, तर काय होईल? साधारण निम्मी वसाहत उपाशी ठरेल! खरं तर उपाशी कुणीच नाही. म्हणून सुखात्मे म्हणाले, गरजेची सरासरी ही रेषा धरू नका. माणसामाणसांत जो स्वाभाविक फरक असतो तो मोजा आणि रेषा त्या मानानं खाली घ्या, इतकी की तिच्याखाली जेवणारा माणूस जवळपास नक्कीच उपाशी असेल.

या हिशेबानं आकडा आला तो असा: जगातली १० ते १५ टक्के माणसं पोटाला कमी पडून उपाशी, आणि भूक किंवा निकृष्ट आहार किंवा दोन्ही मिळून झळ बसलेली निम्म्यापर्यंत. १९६३ च्या एफएओच्या तिसऱ्या जागतिक अन्न पाहणीतही हेच चित्र आलं. दोन तृतीयांशापेक्षा हे कमी, म्हणून काहींना ते रुचलं नाही. भुकेविरुद्ध मोहीम चालवायची तर आकडा मोठा हवा, असं वाटणारे तेव्हाही होते. पण सरसकट दोन तृतीयांश म्हटलं की मदत कुणाकडे आधी न्यायची हेच कळत नाही. सुखात्म्यांच्या आकड्यात माणूस शोधायची सोय होती.

आज दर वर्षी संयुक्त राष्ट्रांचा जो भुकेचा आकडा वर्तमानपत्रांत येतो, त्याच्या मुळाशी हीच पद्धत आहे, पुष्कळ सुधारणा होऊन. २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसं उपाशी होती, म्हणजे ८.२ टक्के. २०३० पर्यंत भूक शून्यावर आणायचं जे जागतिक उद्दिष्ट आहे, त्याची प्रगतीही याच मापानं मोजतात.

(संगीत)

आता जरा आपल्या दारात येऊ. जेबेल अली बंदर आणि अल मक्तूम विमानतळाच्या टापूत दुबईची इंटरनॅशनल ह्युमॅनिटेरियन सिटी आहे. २००३ साली ती सुरू झाली. तंबू, औषधं, पाणी शुद्ध करायची यंत्रं, अन्न, सगळं तिथल्या गोदामांत तयार असतं. कुठं भूकंप झाला, युद्ध पेटलं, की तिथून विमानं उडतात. संयुक्त राष्ट्रांचं तिथलं मदतीचं कोठार चालवतो जागतिक अन्न कार्यक्रम, म्हणजे डब्ल्यूएफपी. १९६१ साली एफएओ आणि संयुक्त राष्ट्रांनी मिळून त्याला जन्म दिला, सुखात्मे रोमला होते त्याच काळात.

आणि रमजानमधल्या मोहिमा तर आपण सगळ्यांनी पाहिल्या. २०२० मध्ये १ कोटी जेवणं, २०२१ मध्ये १० कोटी, २०२२ मध्ये १ अब्ज. तुमच्यापैकी कित्येकांनी फोनवरून एसेमेस करून दिरहम दिले असतील. मीही दिले. पण दिरहमचं जेवण झालं तरी ते कुठल्या देशात, कुठल्या वस्तीत, कुणाच्या घरी जायचं, हे ठरवायला कुणीतरी आधी सरासरी, वाटप आणि रेषा यांचा हिशेब केलेला असतो. गोदाम कितीही भरलेलं असू दे, हिशेब चुकला की बीडकडचे काका रांगेतून परत जातात.

मदतीचा पैसा चुकीच्या दिशेला कसा जातो, याचं एक मोठं उदाहरण सुखात्म्यांच्याच काळातलं आहे. १९६० च्या दशकात जागतिक पातळीवर एक हाकाटी होती: गरीब देशांत प्रथिनांची टंचाई आहे. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या 'प्रोटीन संकटा'वर अहवालही काढला. मग माशांचं प्रथिन, सोयाचं प्रथिन, पावात घालायची खास द्रव्यं, यावर संशोधन आणि पैसा ओतला जाऊ लागला.

सुखात्म्यांनी भारतातल्या घरोघरच्या आहाराच्या पाहण्या घेतल्या आणि बघितलं, प्रथिनं कमी पडलेली माणसं कोण आहेत? १९७० च्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की आपली ज्वारी, गहू, डाळ खाऊन ज्यांच्या पुरेशा कॅलरी होतात त्यांना प्रथिनंही बहुधा पुरतात. ज्यांना प्रथिनं कमी, त्यांना मुळात अन्नच कमी. आणि अन्न कमी असेल तर शरीर आलेलं प्रथिनसुद्धा सरपणासारखं जाळतं. म्हणजे टंचाई प्रथिनाच्या डब्याची नव्हती, भाकरीची होती, आणि भाकरी विकत घ्यायच्या पैशाची. १९७३ साली एफएओ आणि जागतिक आरोग्य संघटनेनं प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आणले. पुढच्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये डोनाल्ड मॅकलॅरन यांनी त्या सगळ्या प्रकाराला 'प्रोटीनचा महाफज्जा' अशा अर्थाचं नावच देऊन टाकलं.

माझ्या आजीला हे कुणी विचारलं असतं, तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. पण आजीचं वाक्य अहवालात जात नाही. ते तिथं जाईल अशा भाषेत मांडणारा माणूस लागतो.

(छोटी विश्रांती)

इथंवर गोष्ट सरळ आहे. आता तिचं अवघड वळण. ते गाळून पुढे गेलो तर तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही.

निवृत्त होऊन सुखात्मे पुण्याला आले. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी पुण्यात दुसरी एक मोठी गोष्ट घडली. गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दांडेकरही साताऱ्याचेच, जन्म १९२०. परदेशी धान्याचा विकासाला उपयोग कसा होईल, हा प्रश्नही त्यांनी १९५० च्या दशकातच अभ्यासला होता. दांडेकर-रथांनी विचारलं, माणशी दिवसाला २२५० कॅलरी मिळतील एवढं अन्न घ्यायला किती खर्च करावा लागतो, आणि तेवढा खर्च किती जण करू शकत नाहीत? उत्तर धक्कादायक होतं. १९६०-६१ च्या स्थितीत खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली. आपण आज सहज 'दारिद्र्यरेषा' म्हणतो, त्या शब्दाला वजन आलं ते अशा अभ्यासांनी.

सुखात्म्यांना ही रेषा पटली नाही. १९६१ चाच त्यांचा मुद्दा होता, गरजेची सरासरी ही रेषा नव्हे. पण आता ते आणखी एक पाऊल पुढे गेले. ते म्हणाले, माणसामाणसांत फरक असतो तसा एकाच माणसाच्या दिवसादिवसांतही असतो. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, काटकसरीनं वापरतं. तेव्हा रेषा आणखी खाली आणली पाहिजे. तशी ती आणली की गरिबांचे आणि उपाशी माणसांचे आकडे झपाट्यानं उतरत होते.

दांडेकरांनी १९८१ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तून यावर कडाडून टीका केली. दोघेही संख्याशास्त्र कोळून प्यालेले, जिल्हा एक, शहर एक, आणि वाद असा, की त्याचे पडसाद देशाबाहेर उमटले. पोषणशास्त्राच्या बाजूनं डॉ. सी. गोपालन उभे राहिले. डेव्हिड सेक्लर नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं त्याच सुमारास मांडलं होतं, की गरिबांची मुलं लहानखुरी असली तरी निरोगी असू शकतात. गोपालन यांचा सवाल नेमका होता: लहानखुरेपण चांगलं असेल तर ते फक्त गरिबाच्याच मुलांसाठी का?

यात बरोबर कोण? मला वाटतं, दोन मुद्दे वेगळे करायला हवेत. सरासरी ही रेषा होऊ शकत नाही, हा सुखात्म्यांचा मुद्दा गणितानं पक्का आहे, आणि तो टिकला. पण शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं आणि त्यात काही बिघडत नाही, हे पोषणतज्ज्ञांनी त्या प्रमाणात मान्य केलं नाही. कारण शरीर जुळवून घेतं ते फुकट नाही. माणूस कमी हालतो, कमी काम करतो, लवकर दमतो. मूल कमी वाढतं, कमी खेळतं. ते 'जुळवून घेणं' म्हणजे कुठंतरी केलेली काटछाट असते. ती कॅलरीच्या तक्त्यात दिसत नाही.

ज्यांनी शेतातली दोरी कुठं लावायची यावर महालनोबिसांशी वाद घातला, त्यांच्याच दोरीवर शेवटी वाद झाला. मला यात त्यांची नाचक्की वाटत नाही. पण विद्वत्ता कितीही मोठी असो, रेषा ओढणाऱ्याला दुसऱ्या कुणीतरी जाब विचारायलाच हवा, हे मात्र यातून पक्कं कळतं. दांडेकरांनी तो विचारला.

एका गोष्टीचं श्रेय मात्र सुखात्म्यांना द्यायलाच हवं. उतारवयात ते सारखे सांगत राहिले, की नुसतं ताटात वाढून भागणार नाही. पिण्याचं पाणी घाण असेल, हगवण आणि जंत असतील, तर खाल्लेलं अंगी लागत नाही. स्वच्छ पाणी आणि स्वच्छता हाही पोषणाचाच भाग धरा. आज हे सगळेच म्हणतात.

२८ जानेवारी १९९७ रोजी ते गेले. भारत सरकारनं त्यांच्या नावानं ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला, आणि तो दिला जाऊ लागला सांख्यिकी दिनाला, २९ जूनला. तो वाढदिवस कुणाचा? महालनोबिसांचा! दोरीचं भांडण अशा रीतीनं मिटलं म्हणायचं.

(संगीत)

आता शेवटचा भाग, आणि हा आपल्यासाठी.

भुकेच्या आकड्यांकडे बघताना तो कशावर उभा आहे ते विचारायची सवय लावून घ्या. २००९ साली एफएओनं १०२ कोटी माणसं उपाशी असल्याचं सांगितलं. २०१२ साली पद्धत सुधारली आणि आकडा ८७ कोटींच्या आसपास आला. २०१९ च्या अहवालात ८२ कोटी होते, २०२० च्या अहवालात ६९ कोटी. मधल्या वर्षात तेरा कोटी माणसं जेवायला बसली नव्हती. चीनमधल्या वाटपाची नवी माहिती हाती आली, आणि मागची वीस वर्षं नव्यानं मोजली गेली, एवढंच. यात लबाडी नाही. आम्ही आयटीवाले रोज हेच करतो, चांगला डेटा आला की जुना रिपोर्ट दुरुस्त करतो. पण नुसता मथळा वाचणाऱ्याला वाटतं, भूक कमी झाली.

आणखी एक. त्या आकड्यातली रेषा ही कमीत कमी गरजेची असते, हलकं काम करणाऱ्या माणसाची. जुलैच्या उन्हात परातीतून सिमेंट वाहणाऱ्याची नव्हे. इथं १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं, ते बरंच आहे. पण उरलेले तास त्या माणसाचं शरीर जे जाळतं, ते हलक्या कामाच्या रेषेत मावत नाही. तो रेषेच्या वर असूनही भुकेला असू शकतो.

ही उणीव भरून काढायला एफएओनं गेल्या दहा-बारा वर्षांत दुसरी एक पद्धत जोडीला घेतली आहे. तीत कॅलरी मोजत नाहीत, माणसालाच आठ प्रश्न विचारतात. पैशाअभावी जेवण चुकवावं लागलं का, भूक असून खाता आलं नाही असं झालं का, दिवसभर उपाशी राहावं लागलं का, असे. त्या मापानं २०२४ साली सुमारे २३० कोटी माणसांना पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. ६७ कोटी आणि २३० कोटी, दोन्ही आकडे खरे. पहिला सांगतो, नक्की उपाशी किती. दुसरा सांगतो, उद्याच्या जेवणाची धास्ती किती जणांना.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही मदतीला हात लावताना, देणगी देताना किंवा स्वतः वाटायला जाताना, तीन गोष्टी विचारा. हा आकडा सरासरीचा आहे की वाटपाचा? रेषा कुठं ओढली आणि कुणाकडे बघून ओढली? आणि ज्याच्यासाठी हे चाललंय, त्याला कुणी विचारलं का?

आमचा गट आता पाकिटं कशी नेतो ते सांगून थांबतो. आदल्या दिवशी आमच्यापैकी दोघं वसाहतीत जातात. ब्लॉकवार, खोलीवार, दिवसपाळी आणि रात्रपाळी अशी यादी करतात. तास-दीड तास जास्त जातो. शीट अजून मीच बनवतो, पण त्यात आता 'सरासरी'चा रकाना नाही. पहिल्या वर्षी ही यादी करायला गेलो तेव्हा ते बीडकडचे काका मुद्दाम शोधले. ते तोवर वसाहत बदलून गेले होते. कुठं गेले, कुणाला सांगता आलं नाही.

तुमच्यापैकी कुणी खटाव-माणचं असेल, ज्यांच्या घरी मिलोच्या, सुकडीच्या, १९७२ च्या आठवणी असतील, तर आम्हाला नक्की कळवा. आईवडिलांशी, आजीआजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलून एवढं विचारा: तेव्हा मदत तुमच्यापर्यंत पोचली होती का, आणि नसेल पोचली तर कुठं अडली? उत्तरं आली की त्यांच्यावरच एक भाग करू.

तोवर काळजी घ्या, उन्हात पाणी पीत राहा. नमस्कार!